सायकलची ब्रेकवायर आणि गाडीच्या हँडब्रेकची केबल: का तुटते, कशी ओळखायची, कशी बदलायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाच्या गिअरच्या सायकलची मागच्या ब्रेकची वायर लिव्हरपाशी तुटली, दोन वर्षांत दुसऱ्यांदा आणि त्याच जागी. त्यातच घरच्या हॅचबॅकचा हँडब्रेक हाताला काहीच न लागता वर येतोय. गॅरेजवाला म्हणतो, "केबली गेल्या, दोन्ही टाकाव्या लागतील." सायकलचं घरी होईल का, गाडीचं करावं का, आणि दोन्ही केबली खरंच गेल्या असतील का?

सायकलचं घरी होतं, तासाभराचं काम आहे. गाडीचं निदान घरी जरूर करा. दुरुस्तीला मात्र जॅक स्टँड (उचललेल्या गाडीचा भार घेणारे लोखंडी पाय) नसतील तर हात घालू नका. आणि "दोन्ही गेल्या" हे ड्रम (मागच्या चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं गोल डबं) न उघडता, खाली न वाकता सांगितलं असेल तर तो अंदाज आहे. तो चुकीचा का असू शकतो ते पुढे येईलच.

दोन्हीकडे लागू पडणाऱ्या दोन गोष्टी आधी सांगतो, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. वायर फक्त ओढते, आणि ती जेवढ्या जोराने ओढली जाते तेवढ्याच जोराने तिच्याभोवतीचा आउटर दाबला जातो. आउटर म्हणजे वायरीवरचं नुसतं कव्हर नव्हे, अर्धा ब्रेक तोच आहे. त्याचं टोक फाटलं, टोपी चेपली, मधे कुठे तो मुरगळला, की लिव्हरची तेवढी हालचाल तिथेच खर्च होते आणि चाकापर्यंत पोचत नाही. नवी वायर जुन्या मोडक्या आउटरमध्ये घालून "ब्रेक अजून मऊच लागतो" म्हणणारे पुष्कळ असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वायर ताणून ब्रेक दुरुस्त होत नाही. सायकलचं रबर झिजलं, गाडीचं लायनर (ड्रमवर आतून घासणारी पट्टी) झिजलं, ड्रममधला अ‍ॅडजस्टर अडकला, तरी लक्षण एकच: लिव्हर लांब येतो. मग सगळेच वायरीचा नट आवळतात, कारण तो हाताला लागतो. आधी चाकाकडचं टोक नीट करायचं, वायर सगळ्यात शेवटी जुळवायची.

सायकल

जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलींना रॉड ब्रेक असतो. त्यात हँडलपासून चाकापर्यंत सळ्या असतात, वायर नसतेच. तिथे सुटतात ते सळ्यांच्या जोडांचे स्क्रू. गिअरच्या सायकलला व्ही-ब्रेक (रिमच्या दोन्ही बाजूंना एकेक उभा हात), कॅलिपर (चाकावरून येणारा चिमटा) किंवा वायरवर चालणारा डिस्क ब्रेक असतो, आणि तुमची वायर यांपैकीच कशाची तरी आहे.

वायर कुठे तुटली यावरून कारण कळतं. ती बारीक तारांची पिळलेली असते, साधारण १९ तारांची. लिव्हरमध्ये तिच्या टोकाला जी घुंडी बसते, म्हणजे निप्पल, ती लिव्हर ओढताना आपल्या खोबणीत थोडी फिरायला हवी. खोबणी कोरडी, मातीने भरलेली किंवा निप्पल चुकीच्या मापाचं असेल तर ते फिरत नाही. मग प्रत्येक वेळी वायर निप्पलच्या तोंडाशी, एकाच रेषेत वाकते. पत्र्याचा तुकडा पुढेमागे वाकवून तोडतो तशी एकेक तार तुटते. एक तुटली की तिचा भार उरलेल्यांवर, म्हणून शेवटच्या पाचसहा तारा पटापट जातात आणि आपल्याला वाटतं वायर "अचानक" तुटली. तुमची त्याच जागी दोनदा तुटली, तेव्हा वायर दोषी नाही. लिव्हरची खोबणी तपासा: आत धारदार कड आली असेल तर बारीक कानसीने घासा, माती काढा आणि निप्पल बोटाने सहज फिरतं का बघा. शिवाय लिव्हरवरचा फिरवायचा स्क्रू, ज्याला बॅरल अ‍ॅडजस्टर म्हणतात, तो शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर काढलेला असेल तर तो डुगडुगतो आणि वायर तिथे तिरकी निघते. तेही कारण असू शकतं.

चाकाकडच्या बोल्टखाली तुटली असेल तर बोल्ट जास्त आवळून वायर चिरडली होती. व्ही-ब्रेकच्या वाकड्या धातूच्या नळीत तुटली असेल तर गंज, कारण पावसाचं पाणी तिथे साचतं आणि नळीच्या तोंडावरचा रबरी बूट बहुतेकांच्या सायकलवर नसतोच. आउटरच्या तोंडाशी तुटली असेल तर आउटर तिरका कापला होता आणि त्याचं टोक वायरीला कापत होतं.

वायर न तुटताही बदलायची वेळ ओळखता येते. लिव्हर पूर्ण ओढून धरा आणि मोबाइलच्या टॉर्चने निप्पलच्या मुळाशी बघा. एक जरी तार सुटून वर आलेली दिसली तरी बदला. लिव्हर सोडल्यावर सावकाश परत येत असेल तर आत गंज किंवा माती आहे.

खरेदीत फसायच्या जागा दोन. पहिली जाडी. ब्रेकची आतली वायर १.५ ते १.६ मिमी, गिअरची १.१ ते १.२ मिमी. गिअरची वायर ब्रेकला लावायची नाही, तिचं निप्पलही लहान असतं. दुसरी आणि जास्त घातक जागा म्हणजे आउटर. ब्रेकचा आउटर साधारण ५ मिमी जाड, आत एकच पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. गिअरचा आउटर ४ मिमीचा, त्यात बऱ्याच बारीक तारा लांबीच्या दिशेने शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि त्यांना धरून ठेवतं ते फक्त प्लॅस्टिक. ब्रेकचा जोर आला की त्या तारा प्लॅस्टिक फाडून बाहेर येतात, तेही नेमके जोरात ब्रेक मारताना. कापलेल्या टोकाकडे बघितलं की ओळखता येतं: ठिपक्यांची गोल रांग दिसली तर तो गिअरचा. दुकानदाराने "चालतं हो" म्हटलं तरी घेऊ नका.

निप्पलचेही दोन आकार आहेत. सरळ हँडलच्या सायकलला आडव्या ढोलासारखं, खाली वळलेल्या रेसिंग हँडलला नासपतीसारखं निमुळतं. काही वायरींना एका टोकाला हे आणि दुसऱ्याला ते असतं. नको ते कापायचं, पण कापण्याआधी दोनदा बघा. मागच्या ब्रेकला १.७ मीटरची वायर बहुतेक सायकलींना पुरते. कोकणपट्टीत किंवा सायकल बाहेर भिजत असेल तर स्टेनलेसची घ्या आणि आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेला आउटर घ्या. फरक पहिल्याच पावसाळ्यात कळतो. सोबत आउटरच्या टोकांच्या चार टोप्या आणि वायरीच्या शेवटाची एक बारीक टोपी मागून घ्या.

हत्यारं: ५ मिमीची एलन की (स्वस्त ब्रेकवर १० मिमीचा पाना), सपाट कानस, दाभण, पक्कड आणि वायर कटर. साध्या पकडीने वायर चेपली जाते आणि तारा फुलतात. कटर नसेल तर सायकल दुकानातूनच आउटर मापाचा कापून आणा.

आता काम. चाकाकडचा बोल्ट सैल करा. व्ही-ब्रेक असेल तर दोन्ही बाजू चिमटीत दाबून वाकडी नळी तिच्या घरातून सोडवा. लिव्हरवरच्या बॅरल अ‍ॅडजस्टरला, त्याच्या चेकनटला (स्क्रू जागेवर घट्ट धरणारा नट) आणि लिव्हरच्या अंगाला एकेक खाच असते. तिन्ही एका रेषेत आणल्या की वायर बाजूने बाहेर निघते. जुना आउटर फेकू नका, तोच माप आहे.

नवा आउटर जुन्याच्या लांबीचा कापा. पण जुना मुळातच आखूड असू शकतो, म्हणून आधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा: कुठेही ताण येता कामा नये आणि कुठे तीव्र वळणही नको. कापताना जुन्या वायरीचा तुकडा आत ठेवला तर आउटर चेपत नाही. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा, दाभणाने अस्तराचं तोंड मोकळं करा, मग टोपी. ही दोन मिनिटं वाचवायला गेलात तर ब्रेक कायम स्पंजासारखा लागेल.

तेल घालायचं का, हे अस्तरावर ठरतं. अस्तर असलेल्या आउटरमध्ये तेल नको, त्यावर धूळ बसून खळ तयार होते. अस्तर नसलेल्या साध्या आउटरमध्ये वायरीला पातळ ग्रीसचा हात फिरवा. निप्पलला मात्र दोन्ही प्रकारांत ग्रीसचा ठिपका हवाच, तुमच्या बाबतीत तर हमखास. गंज सोडवायचे स्प्रे हे वंगण नव्हे. उडून गेल्यावर मागे फारसं काही राहत नाही.

वायर बोल्टखाली धरण्याआधी रबरं बघा. झिजेच्या रेघा पुसल्या असतील तर रबरं आधी बदला. रबर पूर्णपणे रिमवर टेकलं पाहिजे, टायरला वर लागायला नको आणि रिमखाली घसरायलाही नको. टायरला लागणारं रबर महिन्याभरात टायर फोडतं. ते जमलं की बॅरल अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवा आणि दीड-दोन आटे बाहेर घ्या. दोन्ही बाजूंना रिमपासून १ ते २ मिमी जागा राहील अशी वायर ओढून बोल्ट आवळा. वायर वॉशरखालच्या चरातच बसली पाहिजे. आवळणी ६ ते ८ न्यूटन मीटर, म्हणजे १० सेंटिमीटरच्या एलन कीच्या टोकाला सहा ते आठ किलोचा जोर. पाईप घालून आवळायचा हा बोल्ट नाही.

मग लिव्हर पूर्ण ताकदीने दहापंधरा वेळा दाबा. लिव्हर लगेच लांब जाईल. लोक म्हणतात नवी वायर ताणली गेली. खरं तर ताणली जाते ती अगदी थोडी, आउटरची टोकं आणि टोप्या आपापल्या जागी बसतात. शिवाय बोल्ट सैल असेल तर वायर सरकलेली इथेच पकडली जाते. पुन्हा ओढून घ्या. गच्च दाबल्यावर लिव्हर आणि हँडल यांच्यात बोटभर जागा राहिली पाहिजे. एक बाजू रिमला चिकटून राहत असेल तर त्या बाजूच्या हातावरचा छोटा स्क्रू अर्धा-अर्धा आटा आत फिरवा, स्प्रिंगचा ताण वाढून ती बाजू लांब जाते. शेवटी बोल्टपलीकडे चारएक सेंटिमीटर वायर ठेवून कापा आणि टोपी चेपून बसवा. टोपीशिवाय तारा फुलतात आणि पुढच्या वेळी ती वायर बाहेर काढून परत घालता येत नाही.

वायरवरचा डिस्क ब्रेक असेल तर एक वेगळी खोच आहे. बहुतेकांत एकच पॅड हलतो, तो डिस्कला थोडी वाकवून समोरच्या स्थिर पॅडवर दाबतो. पॅड झिजले की स्थिर पॅड त्याच्या स्क्रूने आत घ्यायचा, डिस्कला कागदाएवढी फट ठेवून. ते न करता वायर ओढत गेलात तर कॅलिपरचा हात आधीच अर्धा फिरलेल्या स्थितीत सुरू होतो आणि ब्रेकचा जोर कमी होतो. "वायर शेवटी" हा नियम इथे सगळ्यात चटकन पटतो.

गाडी

गाडीच्या पायाच्या ब्रेकला केबल नसते. पेडल मऊ झालं, हळूहळू खाली बसत गेलं, तर तो ब्रेक ऑइलचा, सिलिंडरचा किंवा पाइपचा दोष आहे. गाडी चालवू नका, हे उत्तरही वाचत बसू नका, टो करून न्या. कधीकाळी चारही चाकांना सळ्या किंवा केबली असायच्या. फोर्डने १९३९च्या मॉडेलांपासून हायड्रॉलिक ब्रेक दिले. कारण साधं होतं. चार चाकांना यंत्राने सारखा ताण देणं ही रोजची कटकट, आणि द्रवाचा दाब मात्र आपोआप सगळीकडे सारखा पोचतो. ती जुनी कटकट आज फक्त हँडब्रेकमध्ये उरली आहे, दोन चाकांपुरती.

रचना अशी. लिव्हरपासून एक छोटी केबल किंवा सळई, तिच्या टोकाला इक्वलायझर नावाचा आडवा तुकडा, आणि त्याच्या दोन टोकांना डाव्या-उजव्या चाकाकडे जाणाऱ्या केबली. इक्वलायझर तराजूच्या दांडीसारखा मधोमध धरलेला असतो, म्हणून दोन्हीकडे सारखा ताण जातो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच दांडीत आहे. एका बाजूची केबल तुटली की दांडी तिकडे कलते. ती कशाला तरी अडेपर्यंत दुसऱ्या, चांगल्या केबलीलाही ताण मिळत नाही. लिव्हर मोकळा वर येतो आणि "दोन्ही गेल्या" असं वाटतं. दोन मागच्या केबली एकाच दिवशी तुटणं दुर्मीळ आहे. लिव्हरला काहीच लागत नसेल तर शक्यता तीन: पुढची एकेरी केबल तुटली, लिव्हरखालचा अ‍ॅडजस्टिंग नट निघाला किंवा त्याचे आटे गेले, नाहीतर एक मागची केबल तुटून दांडी कलली. दुसरी शक्यता तपासायला हँडब्रेकचं कव्हर उचलून टॉर्च मारणं एवढंच लागतं. तिथून सुरुवात करा.

बाकीची लक्षणं. लिव्हर खूप वर जातो पण शेवटी पकडतो, अशा वेळी पायाचं पेडल कसं आहे ते आठवा. पेडलही पूर्वीपेक्षा खाली जात असेल तर लायनर झिजलेत किंवा ड्रममधला अ‍ॅडजस्टर अडकलाय. पेडल जसंच्या तसं आणि फक्त हँडब्रेक वर गेला असेल तर केबलीकडे बघा. लिव्हर ओढल्यावर जागेवर न थांबता खाली पडतो, तर खटके देणारा दात झिजलाय, केबल बदलून काही होणार नाही. हँडब्रेक सोडला तरी मागचं चाक जड फिरतं, ड्रम तापतो, जळका वास येतो, तर केबल आत गंजून अडकली आहे. पावसाळ्यात ओल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी राहिली की लायनर ड्रमला चिकटतं, तेही असंच वाटतं. फरक हा की चिकटलेलं लायनर गाडी हलवताच धप्प आवाज करून सुटतं आणि मग चाक मोकळं फिरतं. गंजलेली केबल दिवसभर घासत राहते.

खात्री करायला मागची चाकं उचलावी लागतात, आणि इथे हँडब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही, कारण तोच बिघडलाय. सपाट, टणक जमीन हवी. पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाणारी हॅचबॅक पहिल्या गिअरमध्ये ठेवली तर जमिनीवरची पुढची चाकं धरली जातात. ताकद मागच्या चाकांना जाणाऱ्या गाडीत, बोलेरो किंवा ईको असेल तर, गिअर हवेतली चाकं धरतो. त्याचा शून्य उपयोग, तिथे सगळी भिस्त ठोकळ्यांवर, आणि चाकं फिरवून बघायला न्यूट्रलच लागतो. गाडीचा भार मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, विटांवर ठेवलेल्या गाडीखाली तर हातही नको.

लिव्हर खाली असताना दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत. मग कुणाला तरी एकेक खटका ओढायला सांगा आणि दरवेळी दोन्ही चाकं फिरवून बघा. दोन्ही साधारण एकाच खटक्याला धरू लागली पाहिजेत. नंतर केबली इक्वलायझरवरून सोडवून एकेक हाताने ओढा. ओढली जाते आणि सोडताच आपोआप मागे जाते ती चांगली. ओढली जाते पण परत जात नाही ती गंजलेली. विरोधच नाही आणि बाहेर येत राहते ती आत तुटलेली, किंवा ड्रममधल्या लिव्हरवरून सुटलेली. या परीक्षेनंतर गॅरेजवाल्याशी बोलणं सोपं जातं.

एकच गेली असेल तर एकच टाकावी का? दुसरीचं वय तेवढंच, पाणीही तेवढंच प्यालेली. टोकाचा रबरी बूट फाटला की चिखलाचं पाणी आत शिरतं, खालच्या वळणात साचतं आणि तिथूनच केबल गंजते. त्यामुळे जोडी टाकणं योग्य, मजुरीही बऱ्याच अंशी एकदाच पडते. गॅरेजवाल्याचं निदान चुकीचं आणि सल्ला बरोबर असंही होतं. फक्त दुसरी केबल अलीकडेच बदललेली असेल आणि हाताने ओढल्यावर चटकन परत जात असेल तर तिला हात लावू नका.

भाग मागवताना चॅसिस नंबर द्या. डावी आणि उजवी केबल पुष्कळ गाड्यांत वेगवेगळ्या लांबीच्या असतात, आणि एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत टोकं बदलतात.

आता प्रत्यक्ष बदल. लिव्हर खाली, अ‍ॅडजस्टिंग नट पूर्ण सैल. चाक काढा. ड्रम हाताने येत नसेल तर त्यावर बहुतेकदा आटे असलेली दोन भोकं असतात. त्यात ८ मिमीचे दोन बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा आवळत गेलं की ड्रम सरळ बाहेर सरकतो. एकच बोल्ट आवळलात तर ड्रम तिरका अडकतो. काही छोट्या गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतात. मधली टोपी काढून स्पिंडल नट सोडवावा लागतो. तो नट नवा वापरायचा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळायचा. टॉर्क पाना नसेल तर हे काम गॅरेजला द्या, बेअरिंगचा प्रश्न आहे.

ड्रममधली काळी भुकटी फुंकू नका, हवेच्या पाईपनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने पुसा. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बाजू हा तुमचा नमुना. तरीही स्प्रिंगांचे फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातल्या असतात आणि त्यातच घोटाळा होतो.

केबलीच्या टोकावर स्प्रिंग असते. ती पकडीने मागे दाबून केबलीचं टोक शूवरच्या (लायनर चिकटवलेल्या अर्धगोल तुकड्यावरच्या) लिव्हरच्या आकड्यातून सोडवा. केबल बॅकप्लेटमधून (ड्रममागच्या स्थिर पत्र्यातून) जिथे आत येते तिथे तिला फुललेल्या पाकळ्यांसारखे कुलुपाचे दात असतात. ते एकेक दाबत बसलात तर एक दाबेपर्यंत दुसरा उघडतो. त्यांच्यावर नेमक्या मापाचा रिंग पाना, बऱ्याचदा १२ किंवा १३ मिमीचा, सरकवा. सगळे दात एकदम दाबले जातात आणि केबल मागे निघते. नळीची बारीक क्लिपही चालते.

मग गाडीखालच्या क्लिपा. त्यांचे १० मिमीचे बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, नाहीतर बोल्टचं डोकं हातात येईल. प्रत्येक क्लिप नव्या केबलीवरही परत लागलीच पाहिजे. एक सोडली तर केबल सायलेन्सरच्या पाईपकडे झुकते, आतलं प्लॅस्टिक वितळतं आणि काही महिन्यांत पुन्हा हेच काम. लिव्हरकडचं टोक सोडवायला काही गाड्यांत आतलं कन्सोल काढावं लागतं, काहींत सायलेन्सरवरचा पत्रा.

नवी केबल जुनीच्या शेजारी जमिनीवर ठेवून लांबी, टोकं आणि क्लिपांच्या जागा जुळवा. ही तपासणी गाडीखाली झोपून करण्यात मजा नाही. आधी पूर्ण मार्ग ढिला टाकून घ्या, मग बॅकप्लेटमध्ये "टक" ऐकू येईपर्यंत ढकला, ओढून बघा, आकड्यात टोक अडकवा. शू बॅकप्लेटवर जिथे घासतात त्या उंचवट्यांवर ब्रेकचं उष्णतारोधक ग्रीस अगदी पातळ लावा; लायनरला बोटही लावू नका. ड्रम बसवण्याआधी बघा की केबल ढिली असताना शूवरचा लिव्हर त्याच्या अडकणीवर पूर्ण टेकलेला आहे.

हे टेकणं फार महत्त्वाचं आहे. बहुतेक ड्रममध्ये झीज भरून काढणारा अ‍ॅडजस्टर पायाच्या ब्रेकवर चालतो, आणि तो लिव्हर टेकलेला असला तरच चालतो. केबल आधी आवळली की लिव्हर उचललेला राहतो आणि अ‍ॅडजस्टर कामच करत नाही. लायनर झिजत जातं, हँडब्रेक वर जात राहतो, गॅरेजमध्ये पुन्हा नट आवळतात, आणि चक्र चालू. म्हणून दोन्ही ड्रम बसल्यावर, केबल ढिली ठेवून, पेडल दहापंधरा वेळा दाबा. त्या वेळी गाडीखाली कुणी नसावं. ड्रममधून बारीक टकटक येत असेल तर ती थांबेपर्यंत. चाक फिरवल्यावर लायनर अगदी हलकं घासल्याचा आवाज आला की बस. मगच नट. लिव्हर जोर लावून, साधारण २० किलोच्या ओढीने, किती खटक्यांत थांबावा हे मॅन्युअलमध्ये असतं. छोट्या गाड्यांत बहुधा ४ ते ९च्या दरम्यान. तीन खटक्यांत दगड झालेला हँडब्रेक "मस्त टाइट" नसतो, त्याचे शू बहुधा कायम घासत असतात.

आता लिव्हर पंचवीसएक वेळा पूर्ण ओढा-सोडा, नवी केबल बसते, पुन्हा खटके मोजून चेकनट आवळा. चाकं खाली टेकल्यावर चढावर परीक्षा घ्या: न्यूट्रल, पाय पेडलच्या वर तयार. गाडीचं तोंड एकदा वर आणि एकदा खाली करून, कारण ड्रममधले शू दोन्ही दिशांना सारखे धरत नाहीत.

मागे डिस्क असलेल्या गाडीत केबल कॅलिपरवरच्या हाताला जाते किंवा डिस्कच्या पोटातल्या छोट्या ड्रमला. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर घरी काही करू नका. स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घातल्याशिवाय त्याची मोटर उघडली तर बोट जाऊ शकतं.

तुटलेली केबल क्लॅम्पने जोडून, गाठ मारून किंवा वेल्डिंग करून चालवू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारची तार मऊ पडते आणि जोडाच्या बाजूलाच तुटते. दुरुस्ती होईपर्यंत गाडी सपाटीवर लावा. चढावर तोंड असेल तर पहिला गिअर आणि पुढचं चाक फुटपाथच्या उलट बाजूला वळवलेलं, उतारावर रिव्हर्स आणि पुढचं चाक फुटपाथकडे वळवलेलं, शिवाय चाकाखाली दगड. निघताना दगड रस्त्यावर सोडू नका, मागून दुचाकीवाले येत असतात.

सायकलची वायर आठवड्याने बॅरल अ‍ॅडजस्टर एक-दोन आटे बाहेर काढून जुळवा. गाडीचे खटके ५०० किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. एखादा वाढला असेल तर नटने घ्या. तीन-चार वाढले असतील तर नटाला हात न लावता ड्रम उघडा.